बेबीताईची वाटी

बेबीताईच्या शोकसभेत बरेच जण बोलले. अंगणवाडी सेविकांच्या मोर्चाबद्दल बोलले, दारूबंदीबद्दल बोलले, कुठल्याशा वाडीवर तिने आणलेल्या नळाबद्दल बोलले. एका वक्त्याने तिला ‘त्यागमूर्ती’ म्हटलं तेव्हा मला उठून जावंसं वाटलं. बेबीताईने आयुष्यात कशाचा त्याग केला असेल तर तो तिच्या मनाविरुद्ध, आणि शेवटच्या काही वर्षांत. त्याबद्दल मात्र एकही जण बोलला नाही. ती कशी जेवायची हे कुणी सांगितलं नाही. फोटोला हार घातल्यावर बाईच्या जेवणाचा विषय काढणं सभ्य माणसांना जमलं नसावं.

मला जमतं. कारण बेबीताई जेवायची तेच तिचं काम होतं.

तिचं खरं नाव वेगळं होतं. ते पगारपत्रकावर होतं आणि त्या दिवशी फोटोखाली आलं. घरातलं शेंडेफळ म्हणून लहानपणी चिकटलेलं ‘बेबी’ साठी ओलांडली तरी सुटलं नाही. दारातून आत यायला जरा आडवी होणारी, पलंगावर बसली की पलंगाला बोलायला लावणारी बाई, आणि नाव बेबी. नवीन माणसाला हसू यायचंच. ती स्वतःच आधी हसून घ्यायची. आधी एक बारीक खोकला, मग हसू, मग पदराच्या टोकाने चष्मा पुसणं, असा तिचा क्रम.

रत्नागिरी-पाली गाडीवरचा एक कंडक्टर तिला रोज छळायचा. “ताई, दोन शिटा अडवल्यात. दोन तिकिटं फाडू?”

“फाड की,” ती म्हणायची. “पण मग आमच्या मोर्चाला माणसं मोजशील तेव्हा मला दोन मोजायचं.”

गाडी हसायची. ती खिडकीकडे तोंड करायची. ती हसत नसायची, हे मला फार उशिरा कळलं. लठ्ठ बाईने विनोद करत राहावं अशी आपली अपेक्षा असते. तिने नुसतं गप्प बसून प्रवास करावा, ही मुभा आपण तिला देत नाही.

ती अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होती. निवृत्त झाल्यावरही तिचं वाड्यावाड्यांवर फिरणं थांबलं नाही. फक्त सरकारी दप्तर जाऊन खांद्याला शबनम आली. घरात शिरली की चपला काढून थेट चुलीशी. “काय शिजवलंयस गो?” मग भिंतीला पाठ लावून जमिनीवर बैठक. पुढे आलं ते ताट. कुळथाची पिठी असो, सुकटीची चटणी असो, नुसती मीठ घातलेली पेज असो. माशाचं डोकं ती मागून घ्यायची आणि इतक्या तल्लीनतेने चोखायची की करणारणीचा चेहरा उजळायचा. मिरकरवाड्यातल्या मुसलमान घरी, कुणब्याच्या घरी, गावकुसाबाहेरच्या बौद्धवाडीत, सगळीकडे एकच बैठक आणि एकच प्रश्न.

तिची दोन वाक्यं मला पाठ आहेत. एक: “ज्याच्या घरचं पाणी पीत नाहीस, त्याला शहाणपण सांगू नको.” दुसरं तिने मला पहिल्यांदा सोबत नेलं तेव्हा पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढताना सांगितलं. “हे बघ पोरी, पहिल्या वाढीला बाई पावसापाण्याचं बोलते. दुसऱ्या वाढीला नवऱ्याचं. तिसऱ्या वाढीला खरं बोलते. म्हणून तिसरी वाढ घ्यायचीच. पोट फुटलं तरी.”

मी ते खरं होताना पाहिलं आहे. तिसरा डाव भात पानात पडताना एका बाईने पाठीवरचे वळ दाखवले होते. बेबीताईने घास थांबवला नाही. खात राहिली, ऐकत राहिली. थांबली असती तर ती बाईही थांबली असती.

आमची ओळख छापखान्यातली. माझे वडील छापखाना चालवतात. लग्नपत्रिकांवर आमचं पोट चाललं आणि पत्रकांवर डोकं. मी बाराखडी गिरवली ती पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. त्यामुळे ‘अ’ अननसाचा की अन्यायाचा, हा घोळ मला बरीच वर्षं होता. बेबीताईची पत्रकं आमच्याकडे छापली जायची. त्यातलं एक मला अजून तोंडपाठ आहे. त्याचं नाव होतं ‘पाहुण्यांनो, पाणी घ्या’. निवडणुकीच्या दिवसांत बौद्धवाड्यांवर मतं मागायला येणाऱ्या पुढाऱ्यांसाठी ते लिहिलेलं होतं. हे पुढारी हातात बाटलीचं पाणी घेऊन येतात, पुढे केलेला तांब्या कपाळाला लावल्यासारखं करून परत देतात. त्यात तिने लिहिलं होतं: “‘उपास आहे’, ‘पोट बरं नाही’, ‘आत्ताच जेवून निघालो’. या तीन सबबी ऐकू आल्या की समजा, बिघाड पाहुण्याच्या पोटात नाही, डोक्यात आहे.”

ते पत्रक तिने सगळ्यात आधी वाचून दाखवलं राधाआईच्या वाडीत.

राधाआईबद्दल सांगायला हवं. पालीच्या अलीकडे कातळसड्याच्या उतारावर तिची बौद्धवाडी. खाली, माडांच्या गर्दीत, बेबीताईचं माहेर. ब्राह्मणाचं घर, मोठी पडवी. पडवीच्या बाहेरच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप उपडा ठेवलेला असायचा. राधाआईची आई गवत कापायला यायची, तिच्यासाठी. चहा वरून ओतायचा, तिने तो अंगणात बसून प्यायचा, धुऊन पुन्हा उपडा घालायचा. छोटी राधा तिच्या पाठोपाठ यायची आणि फणसाखाली बसून राहायची. शेंडेफळ बेबीला आपल्याहून थोडी मोठी ही मुलगी खेळायला हवी असायची. एकदा बेबीने तो कप उचलला, आतून चहा भरून आणला आणि राधाच्या शेजारी बसून अर्धा आपण प्यायला, अर्धा तिला दिला. बेबीच्या आईने बघितलं. बेबीला विहिरीवर नेऊन डोक्यावरून घागरी ओतल्या. राधाच्या आईला दुसऱ्या दिवसापासून काम नाही.

“माझ्या क्रांतीने एका बाईचं काम गेलं,” बेबीताई सांगायची. “तेव्हापासून मी नुसता कप उचलत नाही. बसते, जेवते, आणि पुन्हा पुन्हा येते. उचलून पळणं सोपं असतं.”

मोठेपणी ती राधाआईकडे पहिल्यांदा गेली तेव्हा राधाआईने ओळखलं नाही म्हणे. हिने कपाची आठवण दिली. त्या दिवसापासून त्या दोघी मैत्रिणी. सगळी वाडी बेबीताईला ‘ताई’ म्हणायची, ‘तुमी’ म्हणायची. एकटी राधाआई दारातून हाक मारायची, “बेबी, आलीस गो? बस वायच. भात उतरवतंय.”

मग गुडघे गेले. साखर आधीपासून होतीच. झोपेत श्वास अडकायचा, तोंडाला यंत्र लावून झोपावं लागायचं. राधाआईच्या वाडीची पाखाडी चढताना ती दर वळणावर बसायला लागली. एक दिवस अर्ध्यातून परतली. वर राधाआई वाट बघत होती आणि ही खाली चिऱ्याच्या पायरीवर बसून पदराने तोंड पुसत होती. मला वाटलं घाम आहे.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. जठर लहान करायचं, आतड्याचा रस्ता वळवायचा. ती आणि मी ज्या संघटनेचं काम करायचो तिच्या बैठकीत तिने हे सांगितलं तेव्हा आमच्या सहकाऱ्यांनी जी तोंडं केली ती मी विसरणार नाही. एक म्हणाला, हे श्रीमंतांचं ऑपरेशन. दुसरा म्हणाला, थोडा संयम ठेवला असता तर ही वेळ आली नसती. हाच गृहस्थ पंधरवड्यापूर्वी तिला म्हणाला होता, ताई, तुम्ही जेवून आलात की ती वाडी आपलीच. बाईच्या देहातून काम घ्यायचं आणि मग त्याच देहाला शिस्त नाही म्हणायचं, यात पुरोगामी आणि प्रतिगामी असा फरक मला कधी दिसला नाही.

मी भांडायला उभी राहिले. तिने माझा दंड धरून खाली बसवलं. “माझे गुडघे संघटनेने वापरलेत,” ती म्हणाली. “आज त्यांना मतदान करू दे. ते हो म्हणतायत.”

खोकली, हसली, चष्मा पुसला. ठराव झाला नाही. तिने मागितलाच नव्हता.

ऑपरेशनला मी सोबत होते. सगळं व्यवस्थित झालं, हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर गावात भलतंसलतं बोललं गेलं. डॉक्टर चांगले होते. पथ्य सांगणारी मुलगीही चांगली होती. आधी नुसतं पातळ, गाळलेली पेज, डाळीचं पाणी, ताक. मग कुस्करलेलं. मग हळूहळू साधं अन्न, पण चार-सहा घास, आणि प्रत्येक घास तोंडात पाणी होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही. गोड जवळजवळ नाही. गोळ्या जन्मभर. आणि ताट नको, लहान वाटी घ्या, ती मुलगी म्हणाली. ताट मोठं असलं की मन फसतं. बाहेर जाल तेव्हाही आपली वाटी जवळ ठेवा.

बेबीताईने माहेरून आलेली एक स्टीलची वाटी शोधून काढली. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात तसं तिच्यावर तिच्या आईचं नाव, आडनावासकट. “आईने आयुष्यभर मला कमी खा सांगितलं,” ती म्हणाली, “आता वाटीतून सांगू दे.”

पहिलं वर्ष मी जवळून पाहिलं. वजन उतरलं, तसे लोक बदलले नाहीत, फक्त त्यांचे प्रश्न बदलले. पूर्वी बाजारात विचारायचे, “ताई, कोणत्या चक्कीचं पीठ खाता?” आता आवाज खाली आणून विचारायचे, “रिपोर्ट काय आलाय?” केस मुठीने गळले. दंडांची कातडी लोंबू लागली, ती कोपरापर्यंत लांब बाह्यांची पोलकी शिवून घ्यायला लागली. भर उन्हात तिला थंडी वाजायची. मांडवीच्या किनाऱ्यावर आम्ही संध्याकाळी चालायचो. ती माझ्यापुढे चालायची. गुडघे खरंच हो म्हणाले होते. श्वासाचं यंत्र माळ्यावर गेलं, साखर आटोक्यात आली. ती आनंदी आहे असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते.

एकदा वाळूत बसलो असताना शेजारी एक कुटुंब भेळ खात होतं. ती त्यांच्याकडे नाही, त्यांच्या हातांकडे बघत होती. मी विचारलं, भूक लागलीये का? तिने मुठीतली वाळू खाली सोडली. मग म्हणाली, “त्यांनी माझी भूक काढली नाही गो. भुकेची खोली काढली. भूक बिचारी अंगणात फिरत असते.”

जेवणातल्या शेवटच्या घासाला तिला शिंक यायची. ती खूण होती: पोट भरलं. त्यानंतर एक घास जरी गेला तरी छातीत दगड बसल्यासारखं व्हायचं. पूर्वी तिच्या ढेकरेला घरं खूश व्हायची. आता तिची शिंक आली की मी वाटी उचलायचे. त्या वाटीत बहुतेक वेळा निम्मं शिल्लक असायचं.

राधाआईकडे जायचा दिवस तिने स्वतः निवडला. नवी कोरी साडी नेसली. पाखाडीच्या एकाही वळणावर ती बसली नाही. वरच्या पायरीवर पोचून मागे वळून तिने खाली बघितलं आणि लहान मुलीसारखी हसली, खोकल्याशिवाय.

राधाआईने दारातून पाहिलं आणि क्षणभर तिला कळेना कोण आहे ते. “बेबी?” तिने हात लावून बघितला. “गो बाय माझे! अर्धी कुठं टाकून आलीस?”

“कोल्हापुरात,” बेबीताई म्हणाली. “परत मागायला गेले तर देत नाहीत.”

दोघी इतक्या हसल्या की राधाआईची सून संगीता मागच्या दारातून धावत आली. सकाळपासून तिने बांगड्याचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या करून ठेवल्या होत्या. शेजारच्या दोघीतिघी येऊन बसल्या. सारवलेल्या जमिनीवर पानं मांडली गेली. संगीता वाढायला वाकली आणि बेबीताईने, पथ्याची सवय म्हणून, अगदी सहज, शबनममध्ये हात घातला आणि आपली वाटी काढून ताटाच्या जागी ठेवली.

“मला ह्यात दे गो,” ती म्हणाली.

संगीताचा हात तसाच राहिला. कालवणाचा डाव हवेत, त्यातून एक थेंब जमिनीवर पडला.

त्या वेळी घरात जी शांतता झाली तिचा आवाज मला अजून येतो. मी ब्राह्मण नाही, बौद्धही नाही, पण मला ती कळली, आणि बेबीताईला तर माझ्याआधी कळली. त्या घरात जेवायला येऊन आपलं भांडं बाहेर काढणारं माणूस त्या बायकांनी पाहिलं नव्हतं असं नाही. पाहिलं होतं म्हणूनच तर ती शांतता होती. संगीता शिकलेली. तिने वाकून वाटीवरचं नाव वाचलं. आडनाव वाचलं. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

“अगं, डॉक्टरांनी सांगितलंय,” बेबीताई घाईघाईने म्हणाली. “पोटाचं ऑपरेशन झालं ना माझं. पोट बरं...”

आणि तिथेच ती थांबली. आपण काय म्हणतोय ते तिला ऐकू आलं.

“व्हय, व्हय,” शेजारची एक बाई अगदी सौम्यपणे म्हणाली. “असतं, कोनाकोनाचं पोट बरं नसतं. आमाला म्हाइत हाय.”

संगीताने वाटीत भाकरीचा तुकडा आणि चमचाभर कालवण घातलं. बेबीताईने वाटी बाजूला केली, ताटात वाढ म्हणाली, पण आता ते आणखीच वाईट दिसत होतं. ताटातल्या बांगड्याचे चार घास तिने चावून चावून गिळले, शिंकली, आणि भरलेलं ताट समोर राहिलं. त्या वाडीत पाहुण्याने पान टाकणं म्हणजे काय, आणि पाहुण्याचं उष्टं उचलणं म्हणजे काय, हे मी समजावून सांगत बसणार नाही. राधाआईने ते ताट स्वतः उचललं आणि मागच्या दाराने कोंबड्यांपुढे ओतलं.

निघताना ती दारापर्यंत आली. म्हणाली, “सावकाश उतरा हां, ताई.”

ताई. उतरा.

पाखाडी उतरताना बेबीताई दुसऱ्याच वळणावर बसली. गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं.

मी तावातावाने बोलत होते. पुन्हा जाऊ, कागद दाखवू, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवू, पोटावरच्या खुणा दाखवू. ती म्हणाली, “कागद दाखवून जेवायचं असतं तर इतकी वर्षं कशाला जेवले? आणि त्यांनी काय चूक केली? मीच छापून वाटलं ना, या सबबींवर विश्वास ठेवू नका म्हणून. त्यांनी माझं ऐकलं. ह्या वाडीइतकी चांगली विद्यार्थिनी मला दुसरी मिळाली नाही.”

दुसऱ्या दिवशी ती छापखान्यात आली आणि वाटी माझ्यापुढे ठेवली. “घे. हिच्यात खळ ठेव.” तेव्हापासून पत्रकं चिकटवायची खळ आम्ही त्या वाटीत कालवतो.

नंतर ती बरंच काही करून बघत राहिली. घरी न खाता पोटात जागा ठेवून जायची, दोन घासांसाठी दिवसभर उपाशी राहायची. पण तिसरी वाढ नव्हती, दुसरीही नव्हती. बायका पावसापाण्याचं बोलायच्या आणि ती शिंकायची. एकदा एका दारातून बाहेर पडताना म्हणाली, “हल्ली सगळीकडे पाऊस चांगला झालेला असतो बघ.”

बुद्धपौर्णिमेला राधाआईच्या वाडीत खीर असते. आम्ही गेलो. समाजमंदिरात सतरंज्या अंथरलेल्या होत्या, पोरंटोरं द्रोण घेऊन रांगेत. मी तिच्या कानाशी म्हटलं, गोड आहे, नको. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. द्रोण घेतला, राधाआईच्या समोर जाऊन बसली, आणि सगळा संपवला. घाईने, पूर्वीसारखा. शेवटी द्रोणाला बोट लावून चाटलं. राधाआईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

थोड्याच वेळात बेबीताईच्या कपाळावर घाम फुटला. ओठ पांढरे पडले. तिने माझा हात घेऊन छातीवर ठेवला, काळीज नुसतं धावत होतं. तिथेच सतरंजीवर ती आडवी झाली. पूर्वी तिला उचलायला चार गडी कमी पडले असते. त्या दिवशी संगीताने आणि मी उचललं. संगीता म्हणाली, “किती हलक्या झाल्यात ताई,” आणि तिला रडू आलं.

जिवावरचं नव्हतं ते. अशा ऑपरेशननंतर गोड खाल्लं की असं होतं, थोडा वेळ पडून राहिलं की उतरतं. पण रिक्षा बोलावली गेली, ती भर पाली बाजारातून गेली, आणि बातमी आमच्याआधी रत्नागिरीत पोचली. तिचा चुलतभाऊ दवाखान्याच्या दारात उभा राहून मोठ्याने म्हणाला, “किती वेळा सांगितलं, कुठेही खात जाऊ नकोस.” बरोबर आलेल्या संगीताने ते ऐकलं. मी त्या माणसाला काय बोलले ते इथे छापण्याजोगं नाही. पण बोलून काय होतं? बाण सुटला होता, आणि तो लागायचा तिथेच लागला.

त्यानंतर बेबीताई राधाआईकडे गेली तेव्हा मीही होते. संगीताने पुढे होऊन बसायला खुर्ची दिली. जमिनीवर नाही, खुर्ची. मग आतून एक ट्रे आणला. ट्रेमध्ये बिस्किटांचा न फोडलेला पुडा आणि पाण्याची बाटली.

“सीलबंद हाय, ताई,” ती म्हणाली. “दुकानातून आत्ताच आणली.”

त्यात टोमणा नव्हता. असता तर बेबीताईने तो हसत झेलला असता. त्यात काळजी होती. आयुष्यभर जिने बाटलीवाल्या पुढाऱ्यांवर पत्रकं काढली तिच्यासमोर वाडीने प्रेमाने बाटली ठेवली होती. बेबीताईने झाकण फिरवलं. ते कडकन तुटल्याचा आवाज झाला. ती एक घोट प्यायली. राधाआई भिंतीकडे बघत होती.

बेबीताई गेल्या थंडीत गेली. ऑपरेशनने नव्हे. उलट त्याने तिला काही वर्षं जास्त दिली असं डॉक्टर म्हणाले. काळीज आधीच फार थकलेलं होतं. ती झोपेत गेली. जाण्याच्या महिनाभर आधी तिने मला फोन केला. “चल, राधाकडे जाऊ. दुपारचं. संगीता कामावर असते तेव्हा.”

दारं उघडी होती. राधाआई चुलीशी एकटीच, स्वतःपुरतं वाढून घ्यायच्या बेतात. भात आणि सुक्या बांगड्याचं कालवण. आम्हाला बघून ती उठायला लागली. “बसा ताई. बाटली बघतंय.”

“बाटली नको. तू जेव,” बेबीताई म्हणाली आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसली. भिंतीला पाठ लावून.

“पाव्हणी बसलीय आनि मी जेवू?”

“जेव. सगळं जेव. शेवटचे दोन घास ताटात ठेव. ते माझे. तेवढेच मावतात मला.”

राधाआई तिच्याकडे बघत राहिली. “माजं उष्टं?”

“तुझ्या आईला आमच्या घरात काय मिळायचं, राधा? सकाळी आमच्या पानांत उरलेलं. पदराखाली झाकून न्यायची. मी बघितलंय. तू पण बघितलंयस.”

राधाआईचा चेहरा दगडासारखा झाला. “म्हनून आता फेडायला आलीस? नाटकं करू नको माज्या घरात.”

मी उंबऱ्यातच उभी होते. ते ‘करू नको’ मला ऐकू आलं. बेबीताईलाही आलं असणार, कारण तिने मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, “फेडायला नाही गो. फिटायचं नाही ते. मला भूक लागलीये. कितीतरी महिने मी कुणाकडे जेवलेच नाहीये.”

चुलीतलं लाकूड घसरलं. राधाआईने ते आत सारलं. मग ती बसली, ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागली, आमच्याकडे पाठ करून. भात कालवल्याचा, कांकणांचा, एवढाच आवाज. बेबीताई मांडीवर हात ठेवून वाट बघत होती. ती इतकी बारीक झाली होती की पोलकं खांद्यावरून सारखं उतरत होतं आणि ती ते सारखं वर घेत होती.

राधाआईचं होत आलं. ताटाच्या कडेला भात उरला होता, मुठीएवढाही नाही. तिने बांगड्याचा तुकडा बोटांनी मोडला. काटे एकेक करून वेचले, आपल्या पोरांसाठी वेचतात तसे, आणि मासा त्या भातावर ठेवला. वळली. ताट दोघींच्या मध्ये सरकवलं.

“जेव, बेबी,” ती म्हणाली.

बेबीताईने पहिला घास उचलला आणि चावायला लागली. डोळे मिटलेले. राधाआई उष्ट्या हातानेच शेजारी बसून राहिली. मग, कुणी काही विचारलेलं नसताना, खालच्या आवाजात सांगायला लागली. संगीताचं काहीतरी, मुलाचं काहीतरी, मुंबईहून न येणाऱ्या फोनचं काहीतरी.

ते माझ्यासाठी नव्हतं. मी अंगणात गेले. जाताना एकदा मागे बघितलं. मध्ये एक ताट, दोन्हीकडे दोघी. राधाआई बोलत होती. बेबीताई अजून पहिलाच घास चावत होती.